साहेबाचा स्वभाव आणि कामगाराचा रक्तदाब

सोमवारची सकाळ म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यातली सर्वांत गर्दीची वेळ. रविवारचे मटण, शनिवारचे जागरण आणि सोमवारची ड्युटी यांचा त्रिवेणी संगम बाकावर बसलेला असतो. भांडुपला १९९६ साली मी दवाखाना थाटला, तेव्हा लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांचे भोंगे अजून वाजत होते. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या पॅनेलवर माझे नाव होते, त्यामुळे 'सिक' सर्टिफिकेटासाठी कामगारांची रांग लागे. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे पोट बिघडलेले, कुणाचे डोके ठणकत असलेले.

या योजनेत आजारपणाच्या रजेत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, तीही वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे सिक लावणाऱ्याचे नुकसानच होते. तरीही एखादा धडधाकट माणूस हे नुकसान सोसून घरी बसायला तयार होतो, तो का? 'कामचोर' म्हणून मोकळे होणे सोपे असते. सुरुवातीला मीही तेच म्हणत असे.

पण सर्टिफिकेटांच्या वहीने माझे डोळे उघडले. एके दिवशी सहज पाने उलटताना लक्षात आले की, पुन्हा पुन्हा येणारी बरीच नावे एकाच कारखान्याच्या एकाच खात्यातली आहेत. शेजारच्या खात्यातली माणसे त्याच छपराखाली, तशाच मशीनवर, तेवढ्याच पगारात काम करीत होती. ती मात्र माझ्याकडे क्वचित येत. मला वाटले, तिथे धूळ किंवा कसला तरी धूर असणार. एका लेथ ऑपरेटरला तसे विचारले. तो हसून म्हणाला, "धूळ नाही, डॉक्टरसाहेब. आमचा फोरमन!"

वाचकहो, आजचा विषय हाच आहे. माणसाला कामाची उमेद कशाने येते आणि कशाने जाते, हा प्रश्न आपण मॅनेजमेंटच्या पुस्तकांचा समजतो. पण गेली जवळजवळ तीस वर्षे स्टेथोस्कोप लावून मी पाहतो आहे, हा प्रश्न आरोग्याचाही आहे.

फोरमनही पेशंटच

हा लेथ ऑपरेटर बेचाळीस वर्षांचा, मूळचा कोकणातला. रक्तदाब १६० वर १००. दोन प्रकारच्या गोळ्या चालू, तरी पारा खाली येईना. मीठ कमी केले होते, तंबाखू सुटली होती. एकदा त्याची बायको बरोबर आली आणि म्हणाली, "ह्यांना झोप नाही हो. रात्री दोनला उठून बसतात. पोरांवर उगाच खेकसतात."

हळूहळू तो बोलू लागला. फोरमन सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलायचा. चांगले काम झाले तर ते 'आमच्या खात्याने' केलेले आणि जॉब बिघडला तर तो 'याने' बिघडवलेला. गणपतीची रजा मागितली की, "बघू," म्हणायचा आणि चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवायचा. कोकणच्या माणसाला गणपतीला गाव चुकले तर त्याच्या जिवाची काय अवस्था होते, हे भांडुपला राहिल्याशिवाय कळणार नाही. मग रजा नाही तर सिक! दर वर्षी भाद्रपदात माझी सर्टिफिकेटांची वही का फुगते, ते मला तेव्हा उमगले.

गंमत पुढेच आहे. काही महिन्यांनी रात्री नऊ वाजता, सगळे पेशंट गेल्यावर एक गृहस्थ आले. छातीत जळजळ, झोप नाही, साखर वाढलेली. बोलता बोलता कळले की, हेच ते फोरमनसाहेब! ते सांगत होते, "डॉक्टर, वरून रोज शिव्या खातो मी. टार्गेट झालं नाही तर मॅनेजर सगळ्यांपुढे उभं करतो. मग माझ्या तोंडातून खाली काय निघणार?"

पाणी उतारावरून खाली येते तसा राग वरून खाली येतो. मॅनेजरचा फोरमनवर, फोरमनचा कामगारावर, कामगाराचा बायकोवर आणि बायकोचा धपाटा पोराच्या पाठीत. गोळ्या मात्र चौघांनाही मीच देत होतो.

शरीरात काय घडते?

सकाळची लोकल पकडायला आपण जिना धावत चढतो. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, तळहाताला घाम येतो. अॅड्रिनॅलीन नावाचा स्राव रक्तात मिसळल्याचा हा परिणाम. गाडी मिळाली, बसायला जागा मिळाली की दहा मिनिटांत सगळे शांत होते. यात वाईट काही नाही.

पण समजा, गाडी मिळतच नाही आणि माणूस आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस जिना धावतच चढतो आहे! ज्याला कोणत्या क्षणी ओरडा बसेल ते माहीत नसते, त्याचे शरीर असेच धावत असते. अॅड्रिनॅलीनच्या जोडीला कॉर्टिसॉल हा दुसरा स्राव वाढलेला राहतो. झोप उडते, पित्त उसळते, रक्तातली साखर वाढू लागते. त्यात विरंगुळा म्हणून तंबाखू, सिगारेट किंवा दारू जवळ केली की हृदयविकाराची तयारी पूर्ण झाली.

लंडनचे कारकून

एका खात्याच्या गोष्टीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून जरा बाहेरच्या जगात पाहू. लंडनमध्ये १९६७ साली सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणून ती वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. मोठ्या साहेबांवर जबाबदारी जास्त, म्हणून हार्ट अॅटॅकही त्यांनाच जास्त येत असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती. निघाले उलटेच. सर्वांत खालच्या दर्जाच्या नोकरांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट होते. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळे हिशेबात धरले तरी हा फरक पुरता सुटेना.

मग १९८५ साली दहा हजारांवर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची दुसरी पाहणी सुरू झाली. त्यात डॉ. मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, ज्यांना स्वतःचे काम कसे करायचे हे ठरवायला काहीच वाव नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. म्हणजे कामाचा बोजा तर त्रास देतोच. पण बोजा खांद्यावर आणि लगाम दुसऱ्याच्या हातात, ही अवस्था जास्त त्रास देते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी तर थेट साहेबाचीच परीक्षा घेतली. स्टॉकहोम भागातल्या तीन हजारांहून अधिक पुरुष नोकरदारांना विचारले की, तुमचा वरिष्ठ तुम्हाला नीट माहिती देतो का, कामाची स्पष्ट कल्पना देतो का, चांगल्या कामाची दखल घेतो का? नंतर काही वर्षे त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवली. ज्यांनी आपल्या वरिष्ठाला चांगले गुण दिले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

कामाच्या तासांचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एक अहवाल मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

आधी पाणी, मग पैलवानकी

आता मुख्य प्रश्न. उमेद वाढवायची कशी? पुष्कळ मालकांना वाटते, वर्षातून एकदा पिकनिक काढली आणि दिवाळीला मिठाईचा पुडा दिला की झाले.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली इंजिनियर आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेले एक पुस्तक काढले. त्यांनी नोकरीतल्या गोष्टींचे दोन गट पाडले. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक, नोकरीची शाश्वती या पहिल्या गटाला त्यांनी आमच्या वैद्यकातलाच शब्द वापरला, आरोग्यरक्षक गोष्टी. दुसऱ्या गटात काम तडीस नेल्याचे समाधान, केलेल्या कामाची दखल, जबाबदारी आणि बढतीची संधी.

हे मी पेशंटला भांडुपच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे महापालिकेचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक म्हणून ते ओळखले जाते. तिथून शुद्ध पाणी येते म्हणून मुंबईकर कावीळ आणि पटकीपासून बराचसा वाचतो. पण शुद्ध पाणी प्यायल्याने कोणी पैलवान होत नाही! त्यासाठी खुराक आणि तालीम लागते. पगाराचे तसेच आहे. तो वेळेवर आणि रास्त मिळाला नाही तर माणूस आजारी पडणारच. पण केवळ पगाराने उमेद येत नाही. आणि याच्या उलट, गढूळ पाणी पाजून वर तालमीचे व्याख्यान देणाऱ्या मालकाचे तर ऐकूच नये. तीन महिने पगार थकवून 'आपण सारे एक कुटुंब' म्हणणे हा तसलाच प्रकार.

ही आरोग्यरक्षक गोष्टींची लढाई आपल्या मातीत फार जुनी आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी पाय पसरून वर्तमानपत्र वाचतो, तेव्हा लोखंड्यांची आठवण ठेवावी. माझ्या मते मुंबईच्या कामगाराला मिळालेले ते सर्वांत गुणकारी औषध होते.

विश्वासाचा खुराक

दुसऱ्या गटाची उदाहरणेही दूर शोधायला नकोत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे त्यांनी तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या राखणदारीचे काम दिले. ज्याच्याकडे साऱ्या गावाने चोर म्हणून पाहिले, त्याच्याच भरवशावर कारखाना सोपवायचा! विश्वास टाकला की माणूस त्या विश्वासाएवढा मोठा व्हायचा प्रयत्न करतो, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. त्यांचा मुकादम त्यांच्यातूनच वर आलेला. एखादा गडी आला नाही तर मुकादम स्वतः डबे उचलतो. जो स्वतः ओझे उचलतो, त्याचे बोलणे कडवट असले तरी माणसे ऐकून घेतात.

आणि आमचे भांडुप? इथे कारखाना असलेल्या सिएट टायर कंपनीला २०१७ साली जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. गुणवत्तेच्या क्षेत्रातला हा मोठा मान. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देऊन त्यांनी तिथल्या कारखानदारीला वळण लावले. त्यांनी व्यवस्थापकांसाठी चौदा मुद्दे सांगितले. त्यातला आठवा मुद्दा असा की, कामाच्या जागेवरून भीती हद्दपार करा. भ्यालेला माणूस चूक लपवतो आणि लपलेली चूक पुढे दसपट होऊन बाहेर येते. बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात, असे ते सांगत. हा आठवा मुद्दा मला पटला, तो पुस्तकातून नव्हे. त्याची किंमत मी स्वतः मोजता मोजता वाचलो आहे.

माझीच चूक

माझ्याकडे एक कंपाउंडर होता. मेहनती, पण जरा बुजरा. एकदा पेशंट तपासत असताना तो काहीतरी विचारायला आत आला आणि मी पंधरा माणसांसमोर त्याच्यावर ओरडलो, "मी हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं?" तो गप्प बाहेर गेला. मी विसरूनही गेलो.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी गर्दी होती. पन्नाशीचे एक रिक्षावाले बाकावर बसून होते, पित्ताचा त्रास म्हणून आलेले. त्यांना दरदरून घाम फुटला होता, चेहरा पांढरा पडला होता. कंपाउंडरने ते पाहिले. दोनदा तो माझ्या दारापर्यंत आला आणि परत गेला. शेवटी ते गृहस्थ बाकावरून खाली कलंडले तेव्हा आरडाओरडा झाला आणि मी बाहेर धावलो. हार्ट अॅटॅक होता. अॅस्पिरिनची गोळी चावायला देऊन, रिक्षातच घालून हॉस्पिटल गाठले. दैव बलवत्तर म्हणून ते वाचले.

रात्री मी कंपाउंडरला विचारले, "अरे, तू सांगितलं का नाहीस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "सर, तुम्ही रागावाल म्हणून..."

त्या रात्री मला झोप लागली नाही. फोरमनला मी मनातल्या मनात नावे ठेवत होतो. माझ्या दवाखान्यातला फोरमन कोण होता? दुसऱ्या दिवशी पेशंट बसलेले असतानाच मी त्याची माफी मागितली. चूक पंधरा जणांसमोर केली होती, माफी एकांतात मागून कशी चालेल? आणि नियम बदलला. काही गंभीर वाटले तर दार न वाजवता आत यायचे. वाटणे चुकीचे ठरले तरी कोणी रागावणार नाही. त्यानंतर तो बऱ्याच वेळा उगाच आत आला. पण एकदा दम्याने निळे पडलेले मूल कडेवर घेऊन आला, तेव्हा मागच्या सगळ्या फुकट फेऱ्या वसूल झाल्या.

साहेबांसाठी प्रिस्क्रिप्शन

तुमच्या हाताखाली दोन माणसे असोत की दोनशे. दुकान असो, पतसंस्था असो, शाळा असो की साखर कारखाना, औषध तेच. पथ्यासह लिहून देतो.

१. पगार ठरल्या तारखेला द्या. उशीर होणार असेल तर आधी सांगा, कारणासह सांगा.

२. कौतुक चारचौघांत करा, कानउघाडणी दार लावून करा. आणि बोलायचे ते कामाबद्दल. त्याच्या जातीबद्दल, गावाबद्दल, आईबापाबद्दल नव्हे.

३. दिवसातून एक फेरी मारा. माणसाला नावाने हाक मारा. पोराचा दहावीचा निकाल, म्हातारीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन लक्षात ठेवा. याला पैसे पडत नाहीत.

४. काय करायचे ते तुम्ही सांगा. कसे करायचे यात त्याला विचारा. वीस वर्षे मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात. त्याची सूचना घेतली तर ती त्याच्या नावाने घ्या.

५. सणाच्या रजांचा तक्ता दोन महिने आधी लावा. सगळ्यांना देता येत नसेल तर पाळी लावा. 'नाही' हे उत्तर माणूस पचवतो, 'बघू' पचत नाही.

६. प्यायचे पाणी आणि स्वच्छ संडास ठेवा. दुकानात, कार्यालयात काम करणाऱ्या कितीतरी बायका सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने माझ्याकडे येतात. ज्या जागी लघवीला जायची सोय नाही, तिथे उमेदीवर भाषण देऊ नये.

७. रात्री घरी गेलेल्या माणसाला फोन करू नका. आग लागली असेल तर गोष्ट वेगळी.

८. तुमच्यावर वरून येणारा राग तुमच्यापाशीच थांबवा. त्यासाठी स्वतःचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. रोज अर्धा तास चाला.

आणि नोकरदारांसाठी

साहेब बदलेपर्यंत आपली प्रकृती वाट पाहत नाही. रक्तदाबाची गोळी, 'आज बरे वाटतेय' म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे, धाप लागणे यांपैकी काही झाले तर पित्त समजून बसू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली, सतत थकवा वाटू लागला, कामाची शिसारी आली, आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटू लागले तर तो आळस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या ताणातून येणाऱ्या अशा अवस्थेची रीतसर नोंद घेतली आहे. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. जीव नकोसा होण्याइतके मन खचले तर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन करण्यात कमीपणा नाही.

त्या लेथ ऑपरेटरचे पुढे काय झाले? फोरमन निवृत्त झाले आणि त्याच खात्यातला एक जुना कामगार त्यांच्या जागी आला. त्याने फार काही केले नाही. सकाळी फेरी मारायचा, रजांचा तक्ता जूनमध्येच भिंतीवर लावायचा, रागवायचे झाले तर केबिनमध्ये बोलवायचा. वर्षभरात माझ्या पेशंटच्या दोन गोळ्यांपैकी एक मी कमी करू शकलो. दुसरी चालूच राहिली. रक्तदाब काही नुसत्या गोड बोलण्याने जात नाही. कारखानाही पुढे काही वर्षांनी बंद पडला. माणसे पांगली. पण आजही तो गृहस्थ गणपतीहून आला की माझ्यासाठी गावचे खाजे आणतो आणि न चुकता सांगतो, "आमच्या त्या दुसऱ्या फोरमनला भेटून आलो हो, डॉक्टरसाहेब."

नोकरी सुटल्यावर वीस वर्षांनीही ज्याच्या घरी कामगार आपण होऊन भेटायला जातो, त्या साहेबाची प्रकृती मात्र मी कधी तपासलेली नाही. तो माझ्याकडे कधी आलाच नाही!